लाटीचे वजन

गेल्या वर्षीच्या जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या घरी भरल्या वांग्यांचा बेत होता. सासूबाई कूट-खोबऱ्याचा मसाला कालवत होत्या, तेवढ्यात मी तेलाची बरणी उचलून नव्या वजनकाट्यावर ठेवली. काट्याने ९१२ ग्रॅम दाखवले. भाजी शिजल्यावर तीच बरणी पुन्हा ठेवली, तेव्हा आकडा ८५० होता. चार माणसांच्या भाजीत ६२ ग्रॅम तेल गेले होते. ग्रॅमला नऊ कॅलरी या हिशेबाने नुसत्या तेलाच्या ५५८ कॅलरी झाल्या. मसाल्यातले ८० ग्रॅम दाण्याचे कूट साधारण ४४० कॅलरींचे, ३० ग्रॅम सुके खोबरे २०० च्या आसपास, गुळाचा खडा ७५ आणि अर्धा किलो वांगी सव्वाशे. सगळी बेरीज १४०० च्या घरात गेली, आणि माझ्या वाट्याला आलेला चौथा हिस्सा साडेतीनशेचा निघाला. त्याआधीचे तीन आठवडे मी मोबाइलमधल्या अ‍ॅपच्या यादीतून ‘वांग्याची भाजी, एक वाटी, ९० कॅलरी’ ही ओळ निवडून निर्धास्तपणे नोंद करत आले होते.

माझा व्यवसाय हिशेब तपासण्याचा आहे. दुसऱ्यांच्या वह्यांमधली चुकीची नोंद मी दिवसभर शोधते, आणि माझ्याच ताटाच्या नोंदीत एका वाटीमागे अडीचशेहून अधिक कॅलरींचा फरक तीन आठवडे राहिला, ही गोष्ट मला फार लागली.

तेव्हा माझे वय ४६ होते, उंची १५६ सेंटिमीटर आणि वजन ७४ किलो. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक ३० च्या पुढे होता. आपल्याकडच्या लोकांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर स्थूलता मानतात, तेव्हा मी स्वतःला ‘जरा अंगाने भरलेली’ म्हणत असले तरी त्याला काही अर्थ नव्हता. रक्तातली साखर सीमारेषेवर आली आहे आणि वजन सात-आठ किलोंनी उतरले पाहिजे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. त्याच संध्याकाळी मी अ‍ॅप उतरवून घेतले, आठवड्याला एक किलो कमी करण्याचा पर्याय निवडला आणि त्याने मला रोजचे १२०० कॅलरींचे लक्ष्य दिले.

तो आकडा आला कुठून, हे मी त्या वेळी विचारले नाही. नंतर कागदावर मांडून पाहिले. अशा अ‍ॅपमध्ये बहुधा १९९० साली प्रसिद्ध झालेले मिफ्लिन-सेंट जॉर यांचे सूत्र वापरतात. वजनाच्या दहापट, अधिक उंचीच्या सव्वासहापट, वजा वयाच्या पाचपट, आणि स्त्री असेल तर आणखी १६१ वजा. माझ्यासाठी हे उत्तर १३२४ येते, म्हणजे दिवसभर नुसते पडून राहिले तरी शरीराला लागणारी ऊर्जा. बसून काम आणि थोडे चालणे धरून त्याला १.३७५ ने गुणले की १८२० होतात. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, तेव्हा आठवड्याला किलोभर घटवायचे तर रोज ११०० ची तूट हवी. १८२० मधून ११०० गेले की उरतात ७२०, आणि इतके कमी कोणालाही सांगणे धोक्याचे म्हणून अ‍ॅप १२०० वर थांबले. म्हणजे माझ्या लक्ष्याचा आकडा माझ्या शरीराचा नव्हताच, तो माझ्या घाईचा होता.

पहिल्या आठवड्यात दीड किलो वजन उतरले आणि मी हरखून गेले. ते बहुतांशी पाणी होते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर शरीर तीन-चार ग्रॅम पाणी धरून ठेवते, खाणे कमी झाले की आधी तो साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जाते. पुढचे दोन आठवडे काटा जागचा हलला नाही. दुपारच्या जेवणात एक पोळी आणि काकडीच्या चकत्या खाऊन मी संध्याकाळपर्यंत कशीबशी निभावून नेत असे, आणि सात वाजता स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जे हाताला लागेल ते तोंडात टाकत असे. उभ्याने खाल्लेले लिहायचे असते, हे मला सुचतही नव्हते. मूठभर शेंगदाणे, मुलीच्या ताटात उरलेला भात, आमटीची चव बघण्यासाठी घेतलेले दोन डाव, यांपैकी एकाचीही नोंद नव्हती.

१९९२ साली अमेरिकेत दहा जणांवर केलेला एक अभ्यास पुढे माझ्या वाचनात आला. १२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही आमचे वजन उतरत नाही, अशी या सर्वांची तक्रार होती. संशोधकांनी त्यांचा खरा ऊर्जाव्यय शास्त्रीय पद्धतीने मोजला, तेव्हा त्यांच्या चयापचयात काहीही दोष आढळला नाही. ते सरासरी १०२८ कॅलरी खाल्ल्याचे सांगत होते आणि प्रत्यक्षात खात होते २०८१. ही माणसे लबाड होती असे मला वाटत नाही. मी तरी खोटे लिहिले नव्हते. मला जे जेवण वाटत होते ते मी लिहिले होते, आणि जे जेवण वाटत नव्हते ते माझ्या लेखी घडलेच नव्हते.

चहाचेच पाहा. आमच्याकडे म्हशीचे दूध येते. कपात ७५ मिलिलिटर दूध म्हणजे सुमारे ८० कॅलरी, आणि दोन चमचे साखर म्हणजे आणखी ४०. सकाळचे दोन, ऑफिसातला एक आणि संध्याकाळचा एक, असे चार कप धरले तर ४८० कॅलरी होतात. माझ्या नोंदीत ‘चहा’ हा शब्दच नव्हता, कारण चहाला आपण खाणे म्हणत नाही.

भरल्या वांग्यांच्या त्या रविवारनंतर मी अ‍ॅप बाजूला ठेवले आणि शंभर पानी वही घेतली. आपल्या स्वयंपाकाला तयार यादी फारशी उपयोगी पडत नाही, कारण एकाच नावाची भाजी दर घरात वेगळी असते आणि एकाच घरात दर दिवशी वेगळी असते. मग मी पदार्थाऐवजी त्याचे घटक लिहू लागले. भांड्यात काय आणि किती गेले ते नोंदवायचे, पूर्ण शिजलेल्या पदार्थाचे वजन करायचे, त्यातून भांड्याचे वजन वजा करायचे, आणि माझ्या वाटीत किती आले तेवढा हिस्सा धरायचा. त्यासाठी एका दुपारी सगळी भांडी रिकामी करून तोलली आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवले: लहान कढई ७३५, मोठी कढई १२९०, वरणाचे पातेले ४८०, बिडाचा तवा १८६०. ते अक्षर अजून तिथे आहे.

घटकांचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांतून घेतले. १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरीच्या संशोधनासाठी एका खोलीत सुरू झालेले हे काम १९५८ मध्ये हैदराबादला आले, आणि २०१७ साली संस्थेने देशभरातून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थांच्या घटकांची कोष्टके प्रसिद्ध केली. ज्वारी, नाचणी, मटकी, शेवग्याचा पाला असे आपल्या ओट्यावरचे जिन्नस त्यांत आहेत. त्यामागचे चार, चार आणि नऊ हे गुणक मात्र आणखी जुने. प्रथिने आणि कर्बोदकांच्या ग्रॅमला चार आणि स्निग्धांशाच्या ग्रॅमला नऊ कॅलरी, हा हिशेब १८९० च्या दशकात अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी बसवला. त्यांनी माणसाला एका लहानशा बंद खोलीत काही दिवस ठेवून त्याने खाल्लेले, टाकलेले आणि त्याच्या अंगातून निघालेली उष्णता, सगळे मोजले होते. आज बिस्किटाच्या पुड्यावर जो आकडा छापलेला असतो, तो बहुधा याच गुणकांनी काढलेला असतो. ते सरासरीचे गुणक आहेत, त्यामुळे कोष्टकातला प्रत्येक आकडा जवळपासचा आहे, तंतोतंत नाही, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

सासूबाईंना हे सारे मुळीच रुचले नाही. “खाल्लेलं मोजू नये,” त्या म्हणाल्या. “मोजलेलं अंगी लागत नाही.” त्यांच्या माहेरी जेवणाऱ्याच्या पोळ्या मोजणे अशुभ मानत. मला त्या समजुतीचा आदर आहे. ज्या घरात दुष्काळाच्या आठवणी होत्या, तिथे कोणी किती खाल्ले हे बोटांवर मोजणे म्हणजे त्या माणसाला त्याच्या ताटावरून लाजवणे होते. मी त्यांना एवढेच म्हटले की, “आई, मी तुमचं किंवा कुणाचंच मोजणार नाही, फक्त माझं मोजते.” त्या गप्प राहिल्या. पण त्यांच्या पोळीचे वजन कळल्याशिवाय माझी वही पुढे सरकणार नव्हती, म्हणून त्या कणीक मळत असताना मी परवानगी मागितली आणि त्यांनी मोडलेली प्रत्येक लाटी काट्यावर ठेवत गेले.

४६. ४७. ४६. ४८. ४७. ४६.

बारा लाट्या झाल्या आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठी यांत दोन ग्रॅमपेक्षा जास्त अंतर पडले नाही. त्या टीव्हीवरच्या बातम्या ऐकत होत्या, हाताकडे पाहतही नव्हत्या. मी तो कागद त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून आकडे दोनदा वाचले आणि म्हणाल्या, “पन्नास वर्षं झाली की गं.” मला त्या क्षणी भरून आले. ज्या अंदाजाला मी तीन आठवडे दोष देत होते, तो अंदाज माझ्या काट्याइतकाच काटेकोर होता, फक्त तो ग्रॅममध्ये बोलत नव्हता. ४७ ग्रॅम लाटीत साधारण २९ ग्रॅम पीठ, म्हणजे ९५ कॅलरी, आणि घडीला लावलेल्या तेलाच्या वीस धरल्या की पोळीच्या ११५. त्या दिवसानंतर पोळीचे वजन करण्याची गरज उरली नाही. त्यांच्या हातची एक पोळी हे माझ्या वहीतले एकक ठरले.

तेल मात्र त्यांच्या हातून सारखे पडत नव्हते. वांग्यांना ६२ ग्रॅम, दुसऱ्या दिवशीच्या मेथीला १८, बटाट्याच्या काचऱ्यांना ५५. म्हणून महिन्याच्या वाणसामानाची यादी काढली. पाच लिटर तेल, चार माणसे, तीस दिवस. प्रत्येकाच्या वाट्याला रोज ३८ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३४० कॅलरी. घरातल्या सर्वांना एकत्र बसवून मी हा एकच आकडा सांगितला. पुढच्या महिन्यात यादीत साडेतीन लिटर लिहिले आणि पळीऐवजी बरणीत चमचा ठेवला. भाजीची चव बदलल्याचे कोणी बोलले नाही.

लक्ष्य ठरवण्याचा खरा टप्पा मार्चमध्ये आला, आणि या विषयात मला मनापासून काही सांगायचे असेल तर ते हेच आहे. फेब्रुवारीतले २८ दिवस मी काहीही कमी करण्याचा हट्ट न धरता, साधारण पोटभर पण सावधपणे जेवले आणि प्रत्येक घास लिहिला. रोज सकाळी उठल्यावर वजन केले आणि सात-सात दिवसांची सरासरी काढली, कारण एकेका दिवसाच्या वजनावर विसंबता येत नाही. लोणचे-पापड खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी किंवा पाळीच्या आधी ते सहज किलोभर वर जाते. महिन्याअखेरीस वहीतली सरासरी निघाली १५५०, आणि वजनाची सरासरी ६०० ग्रॅमने उतरलेली होती. ६०० ग्रॅम म्हणजे ४६२० कॅलरी, २८ दिवसांत वाटल्या तर रोज १६५. म्हणजे वजन जिथल्या तिथे राहण्यासाठी मला माझ्या वहीच्या मापाने १७१५ लागत होत्या. सूत्र १८२० म्हणत होते.

हा १०५ चा फरक कशामुळे, यावर मी बराच विचार केला. कदाचित माझ्या नोंदीत अजूनही काही सुटत असेल. कदाचित माझ्या अंगात सूत्राने गृहीत धरल्यापेक्षा स्नायू कमी आणि चरबी जास्त असेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या या ठेवणीवर आयुष्यभर काम केले आहे. २००४ साली त्यांचे आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले होते. दोघांचाही निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. स्नायूंना बसल्या जागीही चरबीपेक्षा जास्त ऊर्जा लागते. सारख्या वजनाच्या दोन माणसांना एकच आकडा कसा लागू पडेल?

हिशेब तपासनीस म्हणून मला दिलासा वाटला तो वेगळ्या कारणाने. आमच्या कामात दोन प्रकारच्या चुका असतात. एक, कधी कमी कधी जास्त पडणारी, जिचा माग लागत नाही. दुसरी, दर वेळी त्याच बाजूला तेवढीच पडणारी, जी एकदा कळली की वर्षभराच्या हिशेबात वळती करून घेता येते. माझी पोळी खरे तर १२५ कॅलरींची असेल आणि मी ती नेहमी ११५ धरत असेन, तरी बिघडत नाही, कारण १७१५ हा आकडाही त्याच ११५ च्या पोळीतून निघालेला आहे. वजा करायचे ते त्यातूनच. म्हणून मी सूत्राचा आकडा सोडला, माझ्या वहीच्या १७१५ मधून ३१५ कमी केले आणि १४०० हे लक्ष्य धरले. हा आकडा दुसऱ्या कोणाच्याही उपयोगाचा नाही. माझ्या बहिणीने तो मागितला तेव्हा मी तिला आकड्याऐवजी वही आणि काटा दिला, आणि तिला थायरॉइडच्या गोळ्या चालू असल्यामुळे आधी डॉक्टरांशी बोलायला सांगितले.

१४०० मध्ये उपाशी राहावे लागले नाही, पण वाटणी बदलावी लागली. वहीत प्रथिनांची बेरीज केली तर दिवसाला ३८ ग्रॅम निघत होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम धरले तर मला ६१ लागत होती. सकाळी दोन अंडी, दुपारी वाटीऐवजी दीड वाटी मटकीची उसळ आणि जेवणाअखेर ताक, एवढ्याने सात वाजताची ती उभ्याची भूक गेली.

आषाढी एकादशीला काय करावे हा प्रश्न होता. ६० ग्रॅम साबुदाण्याच्या २१०, ३० ग्रॅम कुटाच्या १६५, एक मोठा चमचा तुपाच्या १३५ आणि बटाट्याच्या ३०, म्हणजे खिचडीची एक बशी ५४० ची. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असे आपल्याकडे म्हणतात, आणि त्यामागचा हिशेब मी प्रथमच पाहत होते. मी खिचडी सोडली नाही. अर्धी बशी घेतली, सोबत वाटीभर दही घेतले, आणि संध्याकाळी वरईचे तांदूळ खाल्ले.

मला काळजी वाटली ती एकाच गोष्टीची. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. मे महिन्यातल्या एका दुपारी तिने तिच्या ताटातला भात वाटीत काढून काट्यावर ठेवलेला मी दारातून पाहिला. ती आकडा बघत उभी होती, आणि मग तिने त्यातला निम्मा भात पातेल्यात परत टाकला. वाढत्या वयाच्या, अंगाने बारीकच असलेल्या त्या पोरीला माझ्या वहीतून काय शिकायला मिळाले होते, हे मला तेव्हा कळले. मी काटा ओट्यावरून काढून माझ्या कपाटात ठेवला. त्या रात्री तिच्याशी पुष्कळ वेळ बोलले. माझे वय, माझी साखर, डॉक्टरांचे म्हणणे, सगळे सांगितले आणि हेही सांगितले की तिच्या शरीराला आत्ता वाढायचे आहे, त्याला भूक लागेल तेवढे द्यायचे असते. त्यानंतर तिच्यासमोर मी कधी कॅलरी हा शब्द उच्चारला नाही. पहाटे, सगळे उठण्याआधी, कपाट उघडून मी माझे मोजून घेते. या बाबतीत उशिरा जागी झाले याचे दुःख मला आजही आहे.

चौदा महिन्यांत वजन ७४ वरून साडेसदुसष्टवर आले. वाटेत दिवाळीचे दहा दिवस आणि दोन लग्ने होती, तेव्हा वहीत अंदाजाने का होईना लिहिले, पाने कोरी ठेवली नाहीत. ७० किलोच्या सुमारास वजन अडले, तेव्हा पुन्हा २८ दिवसांचा हिशेब मांडला. शरीर हलके झाले की त्याची गरजही घटते, १७१५ चे १६४० झाले होते. साखर सीमारेषेच्या खाली आली आहे. आता मी रोज लिहीत नाही. महिन्यातून चार दिवस लिहिते आणि महिन्याअखेरीस तेलाच्या डब्यात किती उरले ते पाहते.

गेल्या महिन्यात चार दिवस माहेरी, तासगावजवळच्या आमच्या गावी गेले होते. काटा नेला नव्हता, वही मात्र पिशवीत होती. आमच्याकडे पोळीला चपाती म्हणतात आणि आईची चपाती जाड असते. ती परातीपुढे बसून लाट्या मोडत होती, मी शेजारी बसून एक लाटी तळहातावर घेतली आणि क्षणभर धरून ठेवली. सत्तर ग्रॅम. आईने विचारले, “काय बघतीयास?” मी म्हटले, “काही नाही गं,” आणि लाटी परातीत ठेवली. त्या रात्री चुलीजवळ बसून मी आईच्या हातच्या दोन चपात्या खाल्ल्या आणि वहीत तीन पोळ्या लिहिल्या.